गुंडूअण्णांचा राइट

गुंडूअण्णांची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या फाटकाचा खांब पडला त्या दिवशी.

पुण्याहून माझं सामान घेऊन आलेला टेम्पो राजाजीनगरच्या त्यांच्या अरुंद गल्लीत उलटा घ्यायचा होता. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायला येत होते. मदतीला म्हणून अण्णा स्वतः टेम्पोच्या मागे येऊन उभे राहिले. सत्तरीच्या जवळ आलेला काटक माणूस, पांढरा हाफ शर्ट, लुंगी, खांद्यावर पंचा. हात हलवत त्यांनी खणखणीत आवाजात सुरू केलं, "रैट, रैट, रैट!"

ड्रायव्हर चाकणचा होता. त्यानं 'राइट' ऐकलं आणि इमानेइतबारे गाडी उजवीकडे घेतली. अण्णा आणखी मोठ्यानं ओरडले, "रैट, रैट!" त्यानं आणखी उजवीकडे घेतली. मग धप्प असा आवाज झाला, खांब आडवा झाला आणि त्याच्यावरची जास्वंदाची कुंडी अण्णांच्या पायाशी येऊन फुटली.

"तुम्हीच राइट म्हणालात ना काका!" ड्रायव्हर खाली उडी मारून रडकुंडीला आला.

"अरे, रैट म्हंजे ये की! सरळ ये!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मी मधे उभी. नवीन शहर, पहिला दिवस, पहिलाच घरमालक आणि त्याचा पडलेला खांब. पुढं काय ऐकून घ्यावं लागणार याची मनाशी तयारी करत होते, तेवढ्यात अण्णांचे खांदे हलायला लागले. हसत होते ते.

"तू पण रैट, मी पण रैट," ते ड्रायव्हरला म्हणाले. "खांबच मधे आला बघ. चल, कापी घे स्वल्प."

अण्णा मूळचे निपाणीकडचे. तरुणपणी बेंगळुरूला आले आणि शहर बसचे कंडक्टर झाले. निवृत्त होईपर्यंत तीच नोकरी. घरात मराठी, दारात कन्नड. पण मराठीतही 'सरी', 'स्वल्प', 'अय्यो' अशी सगळी कन्नड मंडळी येऊन-जाऊन असायची. त्यांच्या पत्नी म्हणजे सुशीलाअक्का. त्या निपाणीच्या बायकांसारखं स्वतःबद्दल बोलताना "मी येतो", "मी करतो" म्हणायच्या. पहिल्या दिवशी त्या जिन्यात उभ्या राहून "मी भाकरी घेऊन येतो की वर" म्हणाल्या तेव्हा मी मागे कोण आहे म्हणून वळून पाहिलं होतं.

नोकरीला लागले तेव्हा अण्णांना इंग्रजीतले दोनच शब्द येत होते. गाडी थांबवायला 'होल्डान' आणि सोडायला 'रैट'. "दोन शब्दांवर सगळी सर्विस काढली," असं ते अभिमानानं सांगायचे. त्यांच्या लेखी राइट या शब्दाचा अर्थ एकच, चला. इथल्या बसमध्ये तो तसाच वापरतात. बरोबर, उजवा, हक्क वगैरे अर्थ त्याला आहेत हे त्यांना हळूहळू, एकेक करून कळलं, आणि दरवेळी त्यांना घरातल्याच माणसाचा एखादा नवा गुण कळावा तसा आनंद झाला.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहिण्याचं काम करते. शब्दांचं काम करून पगार मिळतो हे अण्णांना फार आवडलं होतं. संध्याकाळी मी इंदिरानगरच्या ऑफिसातून मेट्रोनं परत आले की ते फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले असायचे. "आज कुठला रैट आणलास?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मग मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकून एखादा सांगायची. राइट नाऊ म्हणजे आत्ताच्या आत्ता. राइट अँगल म्हणजे काटकोन. अपराइट म्हणजे ताठ, आणि सचोटीचाही. यावर ते खुर्चीत ताठ बसून दाखवत.

लिहिणे या अर्थाच्या राइटचं स्पेलिंग ऐकून मात्र ते चिडले. "आधी डब्ल्यू? आणि बोलायचा न्हाई? मग हा बिनतिकिटाचा चढला कसा?"

एकदा मी कॉपीराइट सांगितला. आपण लिहिलेलं दुसऱ्यानं आपल्याला न विचारता छापू नये असा हक्क. अण्णांनी फक्त पहिला भाग ऐकला. कॉफीला ते कापी म्हणत. तेव्हापासून रोज चारच्या ठोक्याला आत बघून हाक यायची, "सुशीला, माझा कापीरैट!" अक्का आतून म्हणायच्या, "आणतो, आणतो. मला कुठला रैट हाय काय या घरात?" आणि कॉफी यायची ती दोन पेल्यांत, आणि दुसरा पेला घेऊन त्या स्वतः शेजारी बसायच्या.

शब्दांवर ते नुसते खूश होत नसत, विचारही करत. एकदा म्हणाले, "तुमचा इंग्लिशचा रैट म्हंजे आमचा कन्नडचा सरी. पटलं तरी सरी, निघालो तरी सरी, बरोबर असलं तरी सरी. पण सरीला उजवं-डावं न्हाई बघ. तेवढं एक बरं हाय."

आणि तो शब्द त्यांनी नुसता जमवून ठेवला नव्हता. गल्लीच्या तोंडाशी दुधाचं दुकान आहे. त्याच्यापुढे एक साहेब रोज आपली लांबलचक गाडी आडवी लावून जात. दूध घ्यायला येणाऱ्या बायकांना गटाराच्या कडेनं कसरत करत जावं लागे. कुणी बोललं की साहेब म्हणत, रस्ता सरकारी आहे, इथं गाडी लावणं हा माझा राइट आहे. एके सकाळी अण्णा पंचा झटकत त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी दुधाची पिशवी घेऊन मागे होते.

"सार, रैट तुमचाच," अण्णा कन्नडमध्ये अगदी नम्रपणे म्हणाले. "पण माझी सगळी सर्विस बसमधे झाली. रैट म्हटल्यावर गाडी हललेली बघितलीय मी. तुमचीच एक अशी बघतोय, रैट म्हटलं तरी उभीच राहते."

दुकानदार आधी हसला. मग बायका हसल्या. शेवटी साहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी गाडी काढली, आणि त्यानंतर निदान मी होते तोवर तरी ती तिथं दिसली नाही.

मीही त्यांच्या तावडीतून सुटले नाही. आठवड्यातले दोन दिवस मी घरून काम करायची. गॅलरीत उभी राहून फोनवरच्या मीटिंगा चालायच्या. एका संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "आज काय डेपोत ड्यूटी होती तुझी?"

"का हो?"

"दिवसभर रैट रैट रैट चाललं होतं वर. एवढ्या गाड्या सोडल्यास, एक तरी पोचली काय?"

मी हसले. म्हटलं, अण्णा, समोरचा बोलत असला की मधूनमधून राइट म्हणायचं असतं. म्हणजे कळतंय, ऐकतेय, असं.

"आणि ऐकत असतीस काय?"

 खरं तर राइट म्हणत म्हणत मी दुसऱ्याच कुणाला मेसेज टाइप करत असायची.  अण्णा नुसतं "हं," म्हणाले आणि कॉफीचा पेला खाली ठेवला.

दुसऱ्या वर्षी अक्कांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला. त्यांना तांदूळ निवडता येईनात, समोरून येणारं माणूस ओळखू येईना. ऑपरेशनचा दिवस ठरला. त्यांची मुलगी होसकोटेला एका कारखान्यात सुपरवायझर आहे, तिला त्या दिवशी सुटी मिळेना. मी म्हटलं, मी येते की. कागदपत्रं इंग्रजीत असतात, तेवढीच मदत.

सकाळी आम्ही तिघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. अण्णा पावत्यांच्या खिडकीशी रांगेत उभे राहिले. मी अक्कांना घेऊन आतल्या बाकावर बसले. अक्का हिरवा गाऊन आणि डोक्याला टोपी घालून लहान मुलीसारख्या दिसत होत्या. माझा हात त्यांनी घट्ट धरला होता. तेवढ्यात माझा फोन वाजला. ऑफिसातून होता. एका कागदावरून आमच्या साहेबांचा आणि माझा आदल्या दिवसापासून वाद चालू होता, म्हणून मी तो घेतला. एक हात अक्कांच्या हातात, दुसऱ्या हातात फोन.

नर्स आली. वीस-बावीस वर्षांची, केरळहून नवीन आलेली. कन्नड तिला येत नव्हतं, हिंदी जेमतेम. एका वेळी चार-पाच पेशंट बघत होती. फाइल काखेत मारून तिनं मला विचारलं, "लेफ्ट आय, राइट?"

"राइट, राइट," मी म्हटलं. फोनमधल्या साहेबांनाही तेच म्हणत होते.

तिला कुणीतरी पलीकडून हाक मारली. तिनं तिकडं "येस" म्हटलं, परत वळली, माझ्याकडे पाहून पुटपुटली, "राइट", आणि अक्कांच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, खुणेची एक गोल चिकटपट्टी लावली. मग थेंबांची बाटली उघडली. अक्कांनी डोळे मिटून घेतले होते. डॉक्टरच्या दारात आलं की काही विचारायचं नसतं असा त्यांचा समज होता. मी सगळं पाहत होते आणि मला काहीच दिसत नव्हतं.

"होल्डान!"

सगळा कॉरिडॉर दचकला. ट्रॉली ढकलणारा माणूस जागच्या जागी थांबला. नर्सचा हात हवेत राहिला. दारात अण्णा उभे होते, हातात पावत्यांचा गठ्ठा, आणि बोट अक्कांच्या कपाळाकडे. इतक्या वर्षांनी तो आवाज त्यांनी पहिल्यांदा लावला असणार, पण गाडी तिथंच थांबली.

"हा न्हाई. डावा. एडगण्णु. लेफ्ट, लेफ्ट!"

नर्सनं फाइल उघडली. तिचा चेहरा पांढरा पडला. फाइलवर डावा डोळाच लिहिला होता. तिनं पट्टी काढली. मोठे डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, टेबलावर घेण्याआधी आम्ही पुन्हा तपासतोच, तिथं कळलंच असतं. कळलं असतंही. पण नर्स रडायला लागली होती, आणि माझा फोन कधी बंद झाला मला माहीत नाही.

अण्णा तिच्यावर ओरडले नाहीत. तिच्याजवळ जाऊन मोडक्या हिंदीत म्हणाले, "बेटी, रैट-लेफ्ट पूछना नहीं. पेशंट के गाल पे हाथ रखना. ये वाला? ऐसा पूछना." आणि त्यांनी अक्कांच्या डाव्या गालावर हलकेच हात ठेवून दाखवला. अक्कांनी डोळे उघडले. "काय चाललंय ओ?" त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर हात काय लावायलाय?"

ऑपरेशन नीट झालं. दुपारी आम्ही टॅक्सीनं घरी आलो. अक्का डाव्या डोळ्यावर पट्टी लावून झोपल्या. मी वर गेले आणि गेल्या गेल्या परत खाली आले. जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. आत जायची हिंमत होत नव्हती. अण्णाच बाहेर आले. दोन पेले कॉफी करून आणली होती. त्यांनी केलेली कॉफी मी पहिल्यांदाच पीत होते. फार गोड होती.

"अण्णा, नर्सची चूक नव्हती. मी राइट म्हटलं म्हणून तिनं..."

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "दारातनं ऐकलं मी."

ते माझ्या शेजारी पायरीवर बसले. खुर्ची समोर होती तरी. थोडा वेळ पंच्यानं गुडघा झटकत राहिले. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. इतक्या संध्याकाळी आम्ही त्या एका शब्दाबद्दल बोललो होतो, पण ही त्यांनी कधी सांगितली नव्हती.

नोकरीला पाच-सहा वर्षं झाली असतील. बस खच्चून भरली होती. दोन बाप्यांचं जागेवरून भांडण लागलं होतं आणि अण्णा ते सोडवत होते, पुढच्या दाराकडे पाठ करून. स्टॉप आला, माणसं उतरली, आणि वळून न बघता ते म्हणाले, "रैट, रैट." गाडी हलली. एक म्हातारी अजून पायरीवर होती. एक पाय वर, एक पाय खाली. ती रस्त्यावर पडली. मनगट मोडलं, कपाळ फुटलं.

"मीच उचलून रिक्षात घातलं तिला. ड्रायव्हर माझा दोस्त होता. मला म्हणाला, गुंडू, लिहून दे की म्हातारीनं थांबायच्या आधीच उडी मारली. बघितलंय कुणी? खरंच कुणी बघितलं नव्हतं. सगळे भांडण बघत होते."

"मग?"

"चौकशी झाली. साहेबानं विचारलं, तू रैट म्हणालास तवा पायरी रिकामी होती काय? मी म्हटलं, म्हाईत न्हाई सार. बघितलंच न्हाई. न बघता म्हणालो." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "तीन महिने घरी बसवलं. सुशीला तवा नवीन होती, पोर पोटात होती. तिला कसं सांगायचं कळंना. सांगितलं. ती म्हणाली, म्हातारीला भेटून आलासा काय? मी म्हटलं, न्हाई. म्हणाली, मग आधी तिकडं जाऊन या."

ते गेले. प्रत्येक रविवारी जात राहिले, हाड जुळेपर्यंत. म्हातारी कन्नड होती, तोंडानं कडक. दर रविवारी ती त्यांना तासभर शिव्या द्यायची आणि मग नाचणीचा मुद्दा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, वाढायची. "शिव्या पण गरम, मुद्दा पण गरम," अण्णा म्हणाले. कामावर परत घेतलं त्यानंतर निवृत्तीपर्यंत ते प्रत्येक स्टॉपला दारातून अर्धे बाहेर झुकून पायरी बघत आणि मगच तोंड उघडत. ड्रायव्हर वैतागायचे. गुंडूची गाडी लेट, असं सगळ्या डेपोत नाव पडलं होतं.

"हा शब्द लई सोपा हाय, पोरी. जीभ पटकन सोडते. पण म्हटल्यावर साठ माणसं हलतात."

मी रडत होते. म्हटलं, "अण्णा, मी मदतीला म्हणून आले आणि..."

"ऐक. इंग्लिशमधे लई अर्थ काढलेस, आता मराठीतलं एक मी सांगतो. चूक नसलं की आपण काय म्हणतो? बरोबर. आणि सोबत असलं की? ते पण बरोबरच." ते उठले, माझा रिकामा पेला माझ्या हातातून घेतला. "आज तू बरोबर नव्हतीस, हे खरं. पण आमच्याबरोबर होतीस की. रजा टाकून आलीस. सुशीलानं हात धरला तो तुझाच धरला. चल आत, ती उठली की आधी तुलाच हुडकंल."

खरंच तसं झालं. उठल्या उठल्या अक्कांनी विचारलं, "वरची पोरगी जेवली काय?" त्यांना त्या दिवशीचं काही सांगायचं नाही असं अण्णांनी मला बजावलं होतं. त्यांनी स्वतः मात्र रात्रीच्या जेवणाच्या आतच सांगून टाकलं. अक्का दोन दिवस दवाखान्यावर रागावल्या, माझ्यावर नाही. माझ्या ताटात मात्र आठवडाभर एक भाकरी जास्त पडत राहिली. नर्सला त्यांनी पुढच्या तपासणीला जाताना स्वतः केलेले शेंगदाण्याचे लाडू नेऊन दिले. त्या मुलीनं त्या दिवशी अक्कांच्या गालावर हात ठेवून विचारलं, "अम्मा, ये वाला?" अण्णा मागे उभे राहून इतके खूश झाले की त्यांनी तिला हात जोडले.

त्यानंतर फोनवर राइट म्हणायची माझी सवय गेली. लोक मधूनच विचारतात, "हॅलो, आहेस ना तिथं?" मी म्हणते, आहे, ऐकतेय. मीटिंगा जरा लांबतात.

पुढच्या वर्षी अण्णांच्या मुलीनं होसकोटेला घर बांधलं आणि दोघांना तिकडं बोलावलं. राजाजीनगरचं घर त्यांनी पुतण्याच्या हवाली केलं. जाताना अक्का रडल्या, अण्णा नाही. त्यांना नवीन जागेचं कुतूहलच जास्त होतं. मी गेल्या महिन्यात एका रविवारी भेटायला गेले. मुलीचं घर छोटं पण हवेशीर, मागे वालाच्या शेंगांचा मांडव. अण्णा थोडे वाळलेत. कानाला यंत्र आलंय. ते काढून खिशात ठेवण्याकडे त्यांचा कल असतो. अक्का मात्र आता बिनचष्म्यानं सुईत दोरा ओवतात आणि दर पाच मिनिटांनी घरातल्या कुठल्या कोपऱ्यात धूळ आहे ते सांगतात. "आधी दिसत नव्हतं तवा घर स्वच्छ होतं," अण्णा मला म्हणाले.

जेवण झालं, गप्पा झाल्या. मी निघाले तेव्हा दोघंही स्टॉपपर्यंत आले. बाजाराचा दिवस होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाजीवाल्या, फुलवाल्या. बस आली, मला खिडकीजवळ जागा मिळाली. मी हात हलवला, त्यांनीही हलवला. बस गर्दीतून मुंगीच्या पावलानं निघाली, त्यामुळे ते दोघं बराच वेळ माझ्या खिडकीतून दिसत राहिले.

मी गेले असं समजून ते परत फिरले होते. अक्का पुढे, अण्णा मागे. एका फुलवालीपाशी अण्णा थांबले. तिनं हातानं मापून मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा तोडून दिला. त्यांनी मागून अक्कांना हाक मारली, पण त्या भरलेल्या टोपल्या बघण्यात गुंतल्या होत्या. तेव्हा त्यांनी जवळ जाऊन, भर बाजारात, तो गजरा अक्कांच्या पांढऱ्या अंबाड्यात खोचायला सुरुवात केली. अक्का दचकल्या, त्यांच्या हातावर एक चापट मारली, इकडंतिकडं कोण बघतंय ते पाहिलं. आणि मग गजरा नीट बसावा म्हणून मान खाली केली.